पाण्याने वेढलेला पाडा आणि साडेचार लाखांचं अनुदान

नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात येतात. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. डोंगराच्या सोंडेवर मागे राहिलेले काही पाडे तेव्हापासून पावसाळा सरता सरता बेटासारखे होतात. तिन्ही बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला बुडालेली खिंड. दवाखाना, रेशन, बाजार, सगळ्यासाठी आधी बोट. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेच बेट गाळाने वेढलेलं टेकाड होतं, आणि हंडा भरायला बायकांना पोटरीभर चिखलातून खाली जावं लागतं.

अशाच एका ४० घरांच्या, २२० माणसांच्या पाड्याने पिण्याच्या पाण्यासाठी खान्देशातल्या एका लहान धर्मादाय ट्रस्टकडे अर्ज केला. त्या कामाचा हा लेखाजोखा. पाडा, ट्रस्ट आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत आणि रकमा हिशेब समजावा इतपत गोल केल्या आहेत. काम अखेर उभं राहिलं. पण ज्या ठिकाणी ते अडलं, त्यांतली बहुतेक ठिकाणं यंत्राची नव्हती. ती अनुदानाच्या नियमांची होती, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजेत.

मोजमाप कधी केलं, यावर सगळं

माणशी रोज ५५ लिटर धरलं तर २२० माणसांना १२,१०० लिटर पाणी लागतं. उन्हाचे कामाचे तास सहा धरले तर तासाला साधारण २,१०० लिटर वर चढलं पाहिजे. इथपर्यंत कोणाचं चुकत नाही.

पुरवठादाराचा माणूस पाहणीला आला तो सप्टेंबरात. जलाशय काठोकाठ होता, बोट थेट पाड्याच्या पायथ्याशी लागत होती. त्याने पाण्याच्या कडेपासून टाकीच्या जागेपर्यंतची उंची काढली आणि ३० मीटर धरून पंप सुचवला. पाइप लिहिला १५० मीटर. कोटेशन स्वस्त आलं आणि सगळे खूश झाले.

पण जलाशयाची किमान पातळी ११०.६४ मीटर आहे. म्हणजे पूर्ण भरल्यापासून तळाला जाईपर्यंत पाणी उभ्या मापात २८ मीटर उतरू शकतं. काठाचा उतार इथे पाचाला एक, म्हणजे कड आडव्या मापात १४० मीटर मागे सरकते. टाकी त्याच मापाने साधारण १६५ मीटर उंचीवर, तिचं तोंड अजून तीन मीटर वर. मे महिन्यातला उपसा, म्हणजे पाणी चढवायची उंची, त्यामुळे ५७ मीटरच्या पुढे जातो. पाइपातल्या घर्षणाचे दोनेक मीटर मिळवून ६० धरायचे. ३० मीटरसाठी निवडलेला पंप दिवाळीत धो धो पाणी देईल आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हा नुसता घुमेल.

ही चूक खरेदीआधी पकडली गेली, कारण पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी उन्हाळ्यात पाणी कुठवर जातं ते खालच्या बुडालेल्या झाडांच्या ओळीवरून दाखवलं. त्यानंतर अंदाजपत्रक बदललं. २ एचपीचा पाणबुडी पंप आणि १,८०० वॅटची सौर पॅनेलं ठेवली, पण ६० मीटरवर पाणी देणारं मॉडेल घेतलं. पाइप ५० मिलिमीटरचा एचडीपीई प्लॅस्टिकचा, ३५० मीटर. तोही १० केजी दाब सोसणारा, कारण ६ केजीचा पाइप ६० मीटरच्या उभ्या स्तंभाला जेमतेम पुरतो आणि पंप थांबताना बसणाऱ्या धक्क्याला त्यात काहीच वाव राहत नाही. केबलही तितकीच लांब. या एका दुरुस्तीने पाइप आणि केबल मिळून ४०,००० रुपये वाढले. ते मंजुरीआधीच अर्जात लिहिले गेले म्हणून मिळाले. मंजुरीनंतर मागितले असते तर मिळणं अवघड होतं.

जलाशयाच्या काठची कुठलीही योजना पाहायची ती एप्रिल-मे महिन्यात. ते जमलं नाही तर निदान कोटेशनवर दोन्ही पातळ्यांचा उपसा लिहून घ्यावा. उलट टोकाची चूकही या खोऱ्याने पाहिली आहे. अक्राणी तालुक्यात बिलगावला लोकांच्या श्रमदानातून २००३ साली उभा राहिलेला १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प २००६ मध्ये पाण्याने नेला. म्हणून पॅनेलं, कंट्रोलर, टाक्या हे सारं पूर्ण पातळीच्या चांगलं वर, आणि खाली फक्त जे तरंगू शकतं तेवढंच ठेवलं.

पाच लाखांची मांडणी

एकूण खर्च ५,००,००० रुपये. सौर पंपसंच, कंट्रोलर आणि सांगाडा १,६०,०००. पाइप, केबल, जोड ७८,०००. तराफा २८,०००. पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या ७०,०००. चौथरा आणि चार नळकोंडाळ्यांचं साहित्य ६४,०००. मजुरी ६०,०००, वाहतूक १५,०००, किरकोळ आणि अनपेक्षित २५,०००.

ट्रस्टने ४,५०,००० मंजूर केले आणि दहा टक्के लोकवर्गणीची अट घातली. पाड्याने घरटी २०० रुपये काढून ८,००० रोख दिले. उरलेले ४२,००० श्रमदानाचे, ३०० रुपये रोजाने १४० मनुष्यदिवस. श्रमदानाचा हजेरीपट पहिल्या दिवसापासून ठेवावा लागतो. इथे तो शाळेच्या जुन्या वहीत ठेवला गेला, तारखेपुढे नाव आणि अंगठा. शेवटी एकत्र लिहिलेला हजेरीपट सगळ्यांच्या सह्या एकाच शाईत दाखवतो आणि ऑडिटर तिथेच बोट ठेवतो.

दोन टाक्या कशाला, एकच दहा हजाराची का नाही, असं विश्वस्तांनी विचारलं होतं. पावसाळ्यात जलाशयाचं पाणी गढूळ असतं. एका टाकीत तुरटी टाकून गाळ बसू द्यायचा, दुसरीतून वाटायचं. ५,००० लिटरला १५० ग्रॅमच्या आसपास तुरटी, आणि निवळल्यावर ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतं, पण पाड्यावर पोचेपर्यंत आणि डबा उघडा राहिल्याने ते २५ वर येतं, म्हणून दर लिटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने ५,००० लिटरला ४० ग्रॅम. अर्ध्या तासाने नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकून पिवळी छटा येते का ते पाहायचं. शिवाय दहा हजारांची टाकी बोटीत चढलीच नसती.

पैसे कोणाच्या खात्यात

पाड्याची समिती होती, पण नोंदणी नव्हती. नोंदणी नसलेल्या समितीच्या नावाने ट्रस्टने चेक काढला तर त्याचा ऑडिटर हरकत घेतो आणि ते रास्तही आहे. तीन वाटा होत्या.

पहिली, नोंदणीकृत संस्थेमार्फत. यात आयकराचा एक मुद्दा आहे जो लहान ट्रस्टांना उशिरा कळतो: एका ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देणगी दिली तर तिच्या ८५ टक्केच रक्कम धर्मादाय खर्च म्हणून धरली जाते. आणि पैसा परदेशी देणगीतला असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. दुसरी वाट ग्रामसभेची. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रात, महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार, पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येतं आणि त्याच्या ग्रामसभेचा स्वतःचा कोष असू शकतो. ही सर्वांत चांगली वाट, पण या पाड्याची घोषणा झालेली नव्हती आणि त्यासाठी थांबलं असतं तर वर्ष गेलं असतं.

तिसरी वाट धरली. ट्रस्टने काम आपलं म्हणून केलं. पंप, पाइप, टाक्या यांचे पैसे थेट पुरवठादाराच्या खात्यात, मिस्त्रीचे त्याच्या खात्यात, आणि स्थानिक किरकोळ खर्चापुरती रक्कम महिला बचत गटाच्या खात्यातून ट्रस्टच्या नावाच्या पावत्यांवर. त्यासाठी ट्रस्टच्या घटनेतल्या उद्दिष्टांत पिण्याचं पाणी किंवा ग्रामविकास असला पाहिजे. तो होता. काम झाल्यावर ताबा पावती करून सगळं ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवलं. ही नोंद करायची राहून गेली तर पुढे दुरुस्तीला ग्रामपंचायतीचा निधी मागायला आधारच उरत नाही.

जागेचा प्रश्न या वाटेने सुटत नाही. टाकीची जागा वनजमीन होती. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याची योजना, पाइपलाइन आणि अपारंपरिक ऊर्जा या कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. ठराव, नकाशा आणि अर्ज एकदमच दिले म्हणून फेऱ्या वाचल्या. ग्रामसभा पावरी या इथल्या बोलीत झाली, ठराव मराठीत लिहून पुन्हा पावरीत वाचून दाखवला. त्या वाचनातच बायकांनी एक नळकोंडाळं वरच्या अंगाहून खालच्या वस्तीजवळ हलवून घेतलं, आणि तो बदल नकाशात उतरल्यावरच सह्या झाल्या.

वाहतुकीचे १५,००० आणि झालेले ६२,०००

इथे काम खरं अडकलं. वाहतुकीचा आकडा ट्रस्टच्या आधीच्या कामांवरून धरला होता, आणि ती सगळी धुळे-जळगावकडची सडकेवरची गावं. तिथे टेम्पो दारात येतो. इथे नंदुरबारहून घाटाच्या धक्क्यापर्यंत टेम्पोच्या दोन खेपा झाल्या, १८,०००. धक्क्यावरून बोटीच्या १४ फेऱ्या, फेरीला २,००० प्रमाणे २८,०००. आणि पाण्याच्या कडेपासून टाकीपर्यंत डोक्यावरून वाहणं १६,०००. बेरीज ६२,०००, म्हणजे ४७,००० जास्त.

सिमेंटच्या ६० गोण्या म्हणजे तीन टन. बोटीत त्या तळाशी फळ्या टाकून, वरून ताडपत्री बांधूनच न्याव्या लागतात. तळातल्या पाण्याने खालचा थर भिजला की चार-पाच गोण्या दगड होतात. पाइप सरळ नळ्यांत न घेता १०० मीटरच्या वेटोळ्यांत घ्यायचा, तो दोन माणसं उचलतात. पाच हजारांची टाकी वजनाला जड नसते पण अंगाने अवाढव्य असते, वाऱ्यात बोट फिरवते. ती सकाळी लवकर, वारा उठायच्या आत आणि एका फेरीत एकच.

डोक्यावरच्या वाहतुकीचे १६,००० का झाले, याचं उत्तर तारखांमध्ये आहे. अर्ज जुलैत गेला. विश्वस्तांची बैठक तीन महिन्यांनी एकदा; सप्टेंबरच्या बैठकीत कोटेशनची दुरुस्ती अपुरी होती, म्हणून निर्णय डिसेंबरात. पहिला हप्ता जानेवारीत, माल धक्क्यावर फेब्रुवारीअखेर. तोवर पाणी १२ मीटर उतरलेलं, कड साठ मीटर मागे आणि मध्ये सगळा गाळ. त्यावर फळ्या टाकून साठ गोण्या न्याव्या लागल्या. हाच माल ऑक्टोबरात आला असता तर बोट पाड्याच्या पायथ्याशी लागली असती.

माणसांचंही तेच. दिवाळीनंतर निम्म्याहून अधिक घरं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. फेब्रुवारीत पाड्यावर म्हातारे, लहान मुलं आणि दोन-चार कर्ती माणसं. श्रमदान होळीनंतरच सुरू झालं. आणि ट्रस्टचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून पत्र आलं: ३१ मार्चपूर्वी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्या. अशा पत्राने भली माणसंही न झालेल्या कामाची बिलं करायला प्रवृत्त होतात. तसं झालं नाही ते बचत गटाच्या अध्यक्ष ताईंमुळे. काम उभं राहिल्याशिवाय त्या कोऱ्या पावतीवर अंगठा द्यायला तयार झाल्या नाहीत. ट्रस्टला घाई करायची गरजही नव्हती. उत्पन्नाचे १५ टक्के ट्रस्ट तसेही राखू शकतो, आणि ठराविक कामासाठी, मुदतीत विहित फॉर्म भरून, त्याहून जास्त रक्कम पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवता येते. पाड्याचं वर्ष पाणी आणि कोयता यांवर चालतं, ते हलत नाही. ट्रस्टच्या बैठकीची तारीख एका ठरावाने हलते.

४७,००० असे भरले: अनपेक्षितचे २५,०००, चौथरा काँक्रीटऐवजी जागच्या दगडात बांधून वाचलेले १२,०००, आणि विश्वस्तांनी विशेष ठरावाने दिलेले १०,०००. खर्चाच्या एका शीर्षातून दुसऱ्यात पैसे वळवायची परवानगी मिळायला सहा आठवडे गेले. मंजुरीपत्रातच दहा टक्क्यांपर्यंतचा शीर्षबदल फक्त कळवून करता येईल असं एक वाक्य असतं तर ते वाचले असते.

बोटवाल्याची पावती

बोटवाल्याकडे बिलबुक नाही, जीएसटी नाही, आणि ट्रस्टचा लेखनिक बिल मागतो. उपाय साधा आहे: ट्रस्टच्या नावाने हातपावती. तारीख, कुठून कुठे, काय माल (‘सिमेंट १० गोण्या’ असं नेमकं, ‘साहित्य’ असं मोघम नाही), फेऱ्या, दर, रक्कम अंकी आणि अक्षरी, घेणाऱ्याचं नाव आणि सही. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा, आणि तो ओळखणाऱ्याची सही. पावती ५,००० रुपयांपेक्षा जास्तीची असेल तर एक रुपयाचं महसूल तिकीट. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख द्यायचे नाहीत, कारण तसे दिले तर ती सगळी रोख रक्कम आयकरात ट्रस्टचा खर्च म्हणून धरली जात नाही. मिस्त्रीचे २० दिवसांचे १८,००० म्हणूनच खात्यात गेले.

फोटोंचं म्हणाल तर नेटवर्क नाही म्हणून ‘लोकेशनसह फोटो’ येणार नाहीत असं धरून चालू नये. फोनचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं. कॅमेऱ्यात लोकेशन चालू करून, उघड्यावर पाच मिनिटं थांबून मग फोटो घ्यायचा. अक्षांश-रेखांश बसतात, नकाशा नंतर वर टेकडीवर रेंजमध्ये उघडतो. दुसऱ्या हप्त्यासाठी ट्रस्टने अशा फोटोंवर आणि एका सलग व्हिडिओवर भागवलं, तपासणीची बोटफेरी एकदाच, शेवटी केली.

तराफा

२०० लिटरचे चार बंद प्लॅस्टिक ड्रम, लोखंडी अँगलची चौकट. एक ड्रम साधारण १९० किलो तोलतो. चारांचे ७६० होतात, पण निम्म्यावरच भार ठेवायचा, कारण दुरुस्तीला दोन माणसं वर उभी राहतात. पंप १६० मिलिमीटरच्या छिद्रं पाडलेल्या पीव्हीसी नळीत, म्हणजे पाणी मोटरच्या अंगावरून फिरून ती थंड राहते. खाली दीड मीटर तरी पाणी हवं.

एप्रिलमध्ये तराफा बसवला. चार दिवस कोणी पाहिलं नाही, पाणी उतरलं, तराफा एका अंगाने गाळावर टेकला, नळी चिखलात गेली आणि पंपाने गाळ ओढून चक्री जाम केली. कोरड्या पंपाला थांबवणारी सोय कंट्रोलरमध्ये होती, पण गाळ म्हणजे कोरडं नव्हे. मोटर भार घेत राहिली. वॉरंटीत गाळाचं नुकसान बसत नाही. दुरुस्ती आणि कारागिराची जाण्यायेण्याची बोट धरून ९,५०० रुपये लागले, आणि अनुदानात तोवर अनपेक्षितचं शीर्ष रिकामं झालेलं.

हे पैसे पाड्याच्या देखभाल निधीतून आले. तो निधी कसा ठेवला, हे या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी काम आहे. ट्रस्टच्या नमुन्यात घरटी महिना ३० रुपये लिहिलं होतं. ऊसतोडीला गेलेल्या घराकडून जानेवारीचे ३० रुपये कोण आणणार? बायकांनी ते वर्षाचं ३६० केलं आणि वसुली होळीला लावली, जेव्हा माणसं घरी असतात आणि हातात हंगामाचे पैसे असतात. नळाला पाणी यायच्या आधीच ४० पैकी ३१ घरांनी भरले, ११,१६० रुपये. त्यातून दुरुस्ती झाली, १,६६० उरले. पाणी पुन्हा सुरू झाल्यावर राहिलेल्या नऊ घरांनीही भरले.

आता काठावर दर अर्ध्या मीटर उंचीला रंगवलेले खुंट ठोकले आहेत. पाणी एका खुंटावरून पुढच्या खालच्या खुंटापर्यंत उतरलं की त्या दिवशीच्या पाळीचे दोघं तराफा अडीच मीटर आत ढकलतात, दोऱ्या नव्या झाडाला बांधतात आणि वहीत तारीख लिहितात. ट्रस्टच्या अर्जाच्या नमुन्यात तीन रकाने वाढले: मालाच्या वाहतुकीत बोटवाल्याचं वेगळं कोटेशन, जलाशयाच्या दोन्ही पातळ्यांचा उपसा, आणि पाड्यावर माणसं कोणत्या महिन्यांत असतात. पाण्याकाठच्या पाड्यांचे अर्ज आता जूनच्या बैठकीत घेतले जातात, म्हणजे पहिला हप्ता ऑगस्टात निघतो आणि माल दिवाळीआधी, पाणी काठोकाठ असताना, पायथ्याशी उतरतो.